पेठेचा हंगाम

१९६९ साली महाराष्ट्र केसरी स्पर्धा लातुरात भरली आणि किताब घरातच राहिला. तो जिंकणारे हरिश्चंद्र बिराजदार निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे. पुढच्याच वर्षी एडिंबराच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवलं. लातूर-नांदेडकडे आजही त्यांचा उल्लेख 'बिराजदार मामा' असाच होतो. मामांचा जन्म मराठवाड्याच्या काळ्या मातीतला, पण पैलवान म्हणून ते घडले कोल्हापूरच्या गंगावेश तालमीच्या तांबड्या मातीत. त्यामुळे या भागातल्या जुन्या माणसाला तालीम म्हटलं की कोल्हापूर आठवतं आणि कोल्हापूर म्हटलं की कुस्ती.

अशा माणसाच्या हाती डिसेंबर-जानेवारीतलं कोल्हापूरचं वर्तमानपत्र पडलं तर तो बुचकळ्यात पडेल. पाटाकडील तालमीची खंडोबा तालमीवर दोन विरुद्ध एक अशी मात, दिलबहार तालीम आणि बालगोपाल तालीम यांची बरोबरी. कुस्तीत बरोबरी असते हे खरं, पण दोन विरुद्ध एक असा निकाल मातीतल्या कुस्तीत कुठून येणार? नावं तालमींची आणि खेळ फुटबॉलचा. महाराष्ट्रात एखाद्या शहराचं अख्खं अर्धं वर्ष हौशी फुटबॉलच्या वेळापत्रकावर चालताना पाहायचं असेल तर कोल्हापूरला पर्याय नाही.

फुटबॉलची पुस्तकं बहुधा विश्वचषकांनी आणि कोट्यवधींच्या करारांनी भरलेली असतात. जगातला बहुतेक फुटबॉल मात्र त्या प्रकाशाच्या बाहेर खेळला जातो. स्वित्झर्लंडचंच घ्या. तिथे सुपर लीग ही पहिली पायरी, चॅलेंज लीग ही दुसरी. तिसऱ्या पायरीवर २०१२ पासून प्रोमोशन लीग आहे, आणि तिच्याखाली गावागावांपर्यंत उतरत जाणाऱ्या आणखी कितीतरी पायऱ्या. तिसऱ्या पायरीपासून खाली हौशी फुटबॉलचं राज्य सुरू होतं. दिवसा नोकरी, संध्याकाळी सराव, शनिवारी सामना. बर्न शहरातल्या ब्राइटेनराइन या वस्तीचा संघ याच पायरीवर खेळत आला आहे. दोन जुने क्लब एकत्र करून १९९४ मध्ये तो उभा राहिला. ज्या वांकडॉर्फ मैदानावर १९५४ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, ते त्याच भागात होतं. ब्राइटेनराइनचा संघ मात्र खेळतो श्पिटालआकर नावाच्या छोट्या मैदानावर, आणि त्याला पाहायला येणारे बहुतेक लोक चालत येतात.

चालत येणारा प्रेक्षक ही हौशी फुटबॉलची खरी ओळख मानली, तर कोल्हापूर आणि बर्न एकाच जातकुळीचे ठरतात. तिथे वस्ती, इथे पेठ.

पेठ आणि तालीम हे नातं समजल्याशिवाय कोल्हापूरचा फुटबॉल कळत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १८९४ ते १९२२ या आपल्या कारकिर्दीत कुस्तीला जो आश्रय दिला, त्याची कथा मराठी वाचकाला ठाऊक आहे. १९०२ मध्ये ते युरोपात गेले, रोमचं प्राचीन क्रीडागार पाहिलं आणि परतल्यावर १९१२ पर्यंत खासबागेचं कुस्ती मैदान उभं राहिलं. खासबाग हे झालं शिखर. त्याचा पाया होत्या पेठापेठांतल्या तालमी. तांबड्या मातीचा हौद, भिंतीवर मारुती, पहाटे जोर-बैठका आणि एक वस्ताद. पण कोल्हापूरची तालीम नुसती व्यायामशाळा कधीच नव्हती. पेठेचा गणपती तालमीचा. मोहरमचे पंजेही अनेक तालमींत बसतात, आणि गणपती व मोहरम एकाच सुमारास आले तर दोन्ही एकाच छपराखाली बसल्याची उदाहरणं या शहरात आहेत. भांडण मिटवायचं तालमीत, वर्गणी जमवायची तालमीत, पुराचं पाणी शिरलं की मदत निघायची तीही तालमीतून.

संस्थानी काळात शाळा-महाविद्यालयांमधून आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या संगतीने फुटबॉल शहरात आला, तेव्हा त्याला नवं घर शोधावं लागलं नाही. पोरं आधीच तालमीत होती. त्यांच्यात ईर्ष्या होती, अंगात रग होती, आणि समोरच्या पेठेला हरवायची इच्छा तर पिढीजात होती. कुस्तीत पेठेचा एकच पैलवान आखाड्यात उतरतो, बाकीचे काठावर. फुटबॉलने एकाच वेळी अकरा जणांना आखाड्यात उतरवलं. हा खेळ कोल्हापुरात रुजायचं मोठं कारण तेच असावं. १९४० मध्ये कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली केएसए, स्थापन झाली आणि पेठांच्या ईर्ष्येला नियम, पंच आणि वेळापत्रक मिळालं. छत्रपती घराण्याचा या संस्थेशी संबंध आजही जिवंत आहे. मालोजीराजे छत्रपती केएसएचं नेतृत्व करतात, आणि २०२२ मध्ये ते अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या कार्यकारिणीवर निवडून गेले.

हंगामाची सुरुवात मैदानावर होत नाही, ती होते कागदावर. पावसाळा सरला, दसरा झाला की खेळाडू नोंदणीचे वेध लागतात. कोणत्या संघाकडून कोण खेळणार याच्या याद्या केएसएकडे जातात, आणि ते चार-आठ दिवस पेठांमध्ये दुसरा विषय नसतो. गेल्या वर्षी ज्याने आपल्यासाठी गोल मारले तो या वर्षी समोरच्या तालमीत सही करून आला, ही बातमी चहाच्या गाड्यावरून घराघरांत पोचायला वेळ लागत नाही. व्यावसायिक फुटबॉलमध्ये खेळाडू गावं आणि देश बदलतो. इथे तो फार तर दोन गल्ल्या ओलांडतो, आणि त्या दोन गल्ल्याच कधीकधी फार लांब पडतात. आई भाजी आणायला जाते त्या वाटेवरच जुन्या संघाचा कट्टा असतो.

त्याच सुमारास, दिवाळीत, जिल्ह्याच्या दक्षिणेला गडहिंग्लजमध्ये फुटबॉलची मोठी स्पर्धा भरते. गडहिंग्लज युनायटेड फुटबॉल असोसिएशनने ती वाढवली. लोकसंख्येने लहान असं हे गाव, पण दिवाळीच्या फराळाबरोबर बाहेरगावचे संघ पाहायची सवय त्याने लावून घेतली आहे. याच तालुक्यातल्या बेकनाळ गावच्या अंजू तुरंबेकर पुढे प्रशिक्षक झाल्या, आणि राष्ट्रीय महासंघात मुलामुलींच्या पायाभूत फुटबॉलच्या विभागाची जबाबदारी त्यांनी सांभाळली. तालुक्याच्या गावी नियमित फुटबॉल असला की काय होऊ शकतं याचा याहून बोलका दाखला शोधायला नको.

मग लीग. वरिष्ठ गटात सोळा संघ. लातूरकराला हा आकडा लक्षात ठेवायला सोपा आहे, कारण गंजगोलाईला येऊन मिळणारे रस्तेही तेवढेच. मंगळवार पेठेतून पाटाकडील, प्रॅक्टिस क्लब आणि बालगोपाल. शिवाजी पेठेतून खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ. रविवार पेठेतून दिलबहार. संयुक्त जुना बुधवार पेठ, ऋणमुक्तेश्वर, उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम, फुलेवाडी ही नावंही या लीगमध्ये वर्षानुवर्षं दिसतात. अलीकडच्या काही हंगामांत या सोळांचे 'सुपर आठ' आणि 'आठ' असे दोन भाग पाडले गेले. आठ संघ एकमेकांशी एकेकदा खेळले की २८ सामने होतात. दोन्ही भागांचे मिळून ५६. वरच्या आठांत टिकून राहण्याची धडपड विजेतेपदाइतकीच जीवघेणी असते.

सामने होतात राजर्षी शाहू स्टेडियमवर, आठवड्याच्या मधल्या वारीसुद्धा, दुपारी एकापाठोपाठ दोन. दुसऱ्या सामन्याला गर्दी जास्त, कारण तोवर उद्यमनगरातल्या कारखान्यांतून आणि बाजारातल्या दुकानांतून माणसं मोकळी झालेली असतात. ध्वनिक्षेपकावरून चालणारं निवेदन मराठीत. पूर्वार्ध, उत्तरार्ध, डावी बगल, गोलक्षेत्र हे शब्द इथे पाठ्यपुस्तकातले वाटत नाहीत, ते रोजच्या बोलण्यातले आहेत. त्यांच्या शेजारी टायब्रेकर आणि सडनडेथही तितक्याच सहज बसतात. सामन्यानंतर 'सामनावीर' जाहीर होतो, आणि त्याच्या जोडीला 'लढवय्या' म्हणूनही एकाचा गौरव होतो. गोल मारणाऱ्याचं नाव तर सगळेच घेतात. पण दीड तास धावून, पडून, पुन्हा उठून खेळलेल्याला वेगळा शब्द द्यावासा वाटणं ही आखाड्याची शिकवण आहे. चितपट न होता शेवटपर्यंत झुंजलेल्या पैलवानालाही खासबागेत टाळ्या मिळतच असत.

दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रं हा या हंगामाचा अर्धा भाग म्हणावा लागेल. कोणी कोणत्या मिनिटाला गोल केला, कोणाचा फटका खांबाला लागून बाहेर गेला, गोलरक्षकाने काय अडवलं, हे सारं नावानिशी छापून येतं. राज्याच्या इतर भागांत जिल्हा पातळीवरच्या खेळाडूचं नाव वर्षातून एकदा, तेही जिंकला तरच, पेपरात येतं. इथे विसाव्या वर्षी खेळायला लागलेल्या पोराची कात्रणं तिशीपर्यंत जाडजूड वही भरवतात. ती वही त्याच्या आईकडे असते.

लीग आणि तिच्या आगेमागे बाद पद्धतीच्या स्पर्धा. महापौर चषक, सतेज चषक, चंद्रकांत चषक, अटल चषक, राजेश चषक. नावांवरूनच कळतं की शहराचं राजकारण फुटबॉलपासून लांब नाही. आमदार-नगरसेवकांना पेठेशी बोलायचं असेल तर मैदानाइतकी चांगली जागा दुसरी नाही. हे संबंध नुसते व्यासपीठापुरते असतात असंही नाही. २०१९ मध्ये कोल्हापूर उत्तरमधून आमदार झालेले दिवंगत चंद्रकांत जाधव उद्योजक होते, पण त्याआधी ते फुटबॉल खेळाडू होते. बक्षिसाची रक्कम, संघांचे पोशाख, बाहेरून आणलेल्या खेळाडूंचा खर्च हे सगळं अशा देणगीदारांमुळे निभतं. हा पैसा वर्षानुवर्षं येईलच याची हमी मात्र कोणाकडे नसते. निवडणुका आल्या की चषक वाढतात, सरल्या की आटतात.

बाहेरून येणारे खेळाडू हा पेठांमधला कायमचा वाद आहे. गेल्या दीड-दोन दशकांत नायजेरिया आणि आफ्रिकेतल्या इतर देशांचे तरुण कोल्हापूरच्या तालमींकडून खेळू लागले. त्यांची संख्या मर्यादित ठेवणारे नियम केएसएने केले. उंच, ताकदवान मध्यरक्षक संघात आला की संघ सुधारतो, हे सगळ्यांना दिसतं. पेठेतल्या एका पोराची जागा त्यामुळे जाते, हेही दिसतं. तरी एक गोष्ट मनापासून सांगायला हवी. हजारो मैलांवरून आलेला मुलगा 'खंडोबा' किंवा 'दिलबहार' अशी अक्षरं छातीवर घालून उतरतो, गल्लीतली पोरं त्याचं नाव आपल्या पद्धतीने उच्चारत त्याच्या मागे पळतात आणि हंगाम संपेपर्यंत तो पेठेचा होऊन जातो. कुठल्याही भाषणाने न साधणारं हे काम चामड्याचा एक चेंडू करतो.

या हंगामाची एक बाजू काळजी करायला लावणारी आहे, आणि तिच्याकडे डोळेझाक करणं म्हणजे या खेळाचा द्रोह ठरेल. हुल्लडबाजी. दोन मोठ्या तालमींचा सामना असला की स्टेडियमला पोलीस बंदोबस्त लागतो. प्रेक्षागृहांतून दगड आणि बाटल्या भिरकावल्या गेल्या आहेत, मैदानातली धक्काबुक्की रस्त्यावर उतरली आहे, सामने थांबवावे लागले आहेत. केएसएने खेळाडूंवर आणि संघांवर कारवाया केल्या, पोलिसांनी गुन्हे दाखल केले. ज्या ईर्ष्येने हा फुटबॉल उभा केला तीच ईर्ष्या त्याच्या मुळावर उठते. आखाड्यात वस्तादाचा एक शब्द पुरत असे. प्रेक्षागृहातल्या हजारोंच्या गर्दीला वस्ताद नसतो. ज्या तालमींच्या जुन्या खेळाडूंनी स्वतः प्रेक्षकांत बसून आपल्या पोरांना आवरायला सुरुवात केली, तिथे फरक पडला. दंडापेक्षा हा उपाय जास्त लागू पडेल असं वाटतं.

आणि मैदानावरच्या गुणवत्तेचं काय? २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला. फिफाच्या कोणत्याही विश्वचषकात भारताचा पुरुष संघ प्रथमच उतरला, आणि त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२ आणि घानाकडून ०-४ असे तीनही सामने भारत हरला. पण आपल्या शहरातला मुलगा जगाच्या स्पर्धेत खेळून आला, एवढं कोल्हापूरला पुरेसं होतं. अनिकेत पुढे इंडियन ॲरोज आणि जमशेदपूरकडून खेळला. त्याच्या आधीच्या फळीतला निखिल कदम मोहन बागानपर्यंत पोचला होता. मुलींची वाट आणखी नवी आहे. एफसी कोल्हापूर सिटी हा महिलांचा संघ २०१९ मध्ये लुधियानात झालेल्या भारतीय महिला लीगमध्ये खेळला, आणि तालमीच्या पायरीवर ज्यांना कधी बसायला मिळालं नव्हतं त्यांनी शहराचं नाव छातीवर घेतलं.

इतक्या मोठ्या परंपरेतून देशपातळीवर पोचलेली नावं मोजकीच कशी, हा प्रश्न कोल्हापुरातही विचारला जातो. एक उत्तर पायऱ्यांमध्ये आहे. स्वित्झर्लंडमध्ये खालच्या गटातला वस्तीचा संघ जिंकत गेला तर वर सरकतो. अगदी वरच्या पायऱ्यांसाठी आसनं, दिवे, हिशेब तपासून परवाना मिळवावा लागतो हे खरं, पण जिना अखंड आहे. भारतात तो बराच काळ मधूनच तुटलेला होता. इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये सुरू झाली, तरी खालच्या आय-लीगचा विजेता वर जाण्याची सोय पहिल्यांदा प्रत्यक्षात आली ती २०२३ मध्ये, पंजाबच्या संघामुळे. जिल्ह्याच्या लीगपासून राज्य आणि राज्यापासून देश हा जिना अजूनही कित्येक ठिकाणी अरुंद आहे. त्यामुळे वर जायचं असेल तर खेळाडू एकटा जातो, लहानपणीच पुण्या-मुंबईच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल होऊन. तालीम मागेच राहते.

मे संपत आला की आकाश भरून येतं. स्विस हौशी फुटबॉल डिसेंबरात बर्फासाठी थांबतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये पुन्हा सुरू होतो. कोल्हापूरला तशी मधली सुट्टी नाही, इथे जूनचा पाऊस हंगामच संपवतो. सरावाचं गांधी मैदान तर पूर्वी वरुणतीर्थ नावाचं तळंच होतं. ते बुजवून मैदान केलं, पण पावसाला जुनी जागा आठवते आणि पाणी तिथे येऊन साचतंच. २०२० च्या मार्चमध्ये मात्र पावसाआधीच हंगाम थांबला, जेव्हा कोरोनाने जगभरच्या मैदानांना कुलूप लावलं. बाकी विश्वचषकाच्या वर्षी पावसाळाही रिकामा जात नाही. २०१८ मध्ये पेठांच्या चौकांत मेस्सी, रोनाल्डो, नेमार यांचे भलेमोठे फलक उभे राहिले, आणि २०२२ मध्ये विश्वचषक हिवाळ्यात आला तेव्हा ते पुन्हा उभे राहिले. ब्राझील आणि अर्जेंटिना या इथे जणू आणखी दोन पेठाच आहेत.

आता लातूरकडे वळू.

राज्याच्या क्रीडा खात्याने महाराष्ट्राचे आठ विभाग केले आहेत. त्यात कोल्हापूर हा एक विभाग, तसा लातूर हाही एक. लातूर, नांदेड, धाराशिव ही त्यातली मोठी नावं. कागदावर दोन्ही विभाग बरोबरीचे. १९६० पासून चाललेल्या सुब्रोतो चषकाची वाट दोघांनाही सारखीच, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग दिल्ली. १५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्य सरकारने 'मिशन वन मिलियन' म्हणून एकाच दिवशी राज्यभर मुलांना फुटबॉल खेळायला लावलं, तेव्हा मराठवाड्यातल्या शाळांनाही चेंडू मिळाले आणि पोरं धावली. नांदेडला गुरू गोबिंदसिंगांच्या नावाची अखिल भारतीय हॉकी स्पर्धा हिवाळ्यात भरते, देशभरातले संघ येतात, मैदान ओसंडून वाहतं. मराठवाड्याला खेळ पाहायची हौस नाही, असं म्हणणाऱ्याने ती एकदा पाहून यावी.

फरक हौसेत नाही, तो स्पर्धा आणि लीग यांत आहे. बाद पद्धतीच्या स्पर्धेत सोळा शाळा उतरल्या तर पहिल्याच फेरीत आठ घरी जातात. त्या आठ शाळांतल्या मुलांचा वर्षभराचा फुटबॉल तासाभरात संपतो. जुलै-ऑगस्टमध्ये चिखलात एक सामना, एक पराभव, आणि मग पुढच्या जुलैची वाट. यातून कोणताही प्रशिक्षक खेळाडू घडवू शकत नाही. तेच सोळा संघ कोल्हापूरसारखे आठ-आठच्या दोन गटांत लीग खेळले तर प्रत्येक मुलाला सात सामने मिळतात. हरलेल्याला पुढच्या आठवड्यात चूक सुधारायची संधी असते. सातपैकी पाच हरलेला संघही शेवटचे दोन जिंकून वर येऊ शकतो. फुटबॉल शिकण्यासाठी हे सात सामने कोणत्याही शिबिरापेक्षा मोलाचे आहेत. कोल्हापूरच्या गुणवत्तेचं रहस्य म्हणून लोक पाणी, माती, तांबडा-पांढरा रस्सा असं काहीही सांगतात. वेळापत्रक मात्र कोणी सांगत नाही.

पाण्याचा मुद्दा मात्र अगदीच सोडून देता येत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरची तहान भागवायला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. पहिल्या फेरीत दहा टाक्यांतून पाच लाख लिटर. पिण्याला पाणी नसलेल्या शहराने मैदानावर हिरवळ जपावी असं कोणी म्हणणार नाही. पण हिरवळीवाचून फुटबॉल अडत नाही. गोव्यातल्या गावांतून कापणीनंतरच्या मोकळ्या शेतांत पिढ्यान् पिढ्या फुटबॉल खेळला गेला, आणि कोल्हापूरच्या पेठांतली पोरंही धुळीतच शिकली. ज्या रुळांवरून ते पाणी आलं तो मार्गही जुना आहे. बार्शी लाईट रेल्वे १९११ मध्ये लातूरला पोचली आणि १९२७ मध्ये मिरजेला. बिराजदार मामांसारखे कित्येक पैलवान मराठवाड्याकडून कोल्हापूरच्या दिशेने गेले ते तालमीत शिकायला. परतताना कुस्तीचे डाव आले. तालमीचं दुसरं शास्त्र, म्हणजे पेठेच्या नावाने संघ उभा करायचा आणि तो दरवर्षी न चुकता मैदानात उतरवायचा, ते तिकडेच राहून गेलं.

ते आणायला फार लागत नाही. मराठवाड्यात कोल्हापूरइतका पाऊस नाही, म्हणजे मैदान जास्त महिने कोरडं मिळतं. दसऱ्यानंतर सुरुवात केली तर आठ संघांचे २८ सामने, रविवारी सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन असे, सात रविवारांत होतात. डिसेंबर अर्धा सरायच्या आत शेवटची शिट्टी वाजते आणि मुलांच्या परीक्षांना धक्का लागत नाही, जे लातूरच्या पालकांसाठी सर्वांत आधी पाहण्यासारखं. चार पंच, दोन चेंडू, चुन्याची दोन पोती. संघांची नावं शाळांची नकोत, शाळा सुटली की मुलगा सुटतो. ती गल्ल्यांची आणि गणेश मंडळांची असावीत, कारण मंडळांकडे वर्गणी मागणारे, ढोल वाजवणारे आणि भांडण झालंच तर मध्ये पडणारे लोक आधीपासून तयार आहेत. आठव्या रविवारी, निकाल लागून गेल्यावर, शेवटून पहिल्या आलेल्या मंडळाची पोरं कट्ट्यावर बसून पुढच्या वर्षी गोलात कोणाला उभं करायचं यावर वाद घालतील, आणि कोणीतरी त्याच्या नावाची नोंद आत्ताच वहीत करायला सांगेल.